मानेवरचा काळेपणा मळ नव्हे

प्रश्न : शाळेतल्या आरोग्य तपासणीत १३ वर्षांची मुलगी आली. उंची १५२ सेंमी, वजन ६४ किलो. मान मागून काळवंडलेली. आई म्हणते, नीट घासत नाही. लहान मुलांच्या कफने (दंडाला बांधायच्या पट्ट्याने) बीपी १३२/८४ आलं. डॉक्टरांकडे पाठवू की ‘वजन कमी कर’ एवढंच सांगू?
– एक परिचारिका, जि. सातारा

उत्तर : पाठवाच. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७.७ येतो, म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेच्या वर. आणि मान घासून उजळणार नाही, उलट सोलवटेल. ओल्या कापसाने पुसून बघा : मळ निघतो, हा काळेपणा निघत नाही. बोट फिरवलं की कातडी जाड, मखमलीसारखी लागते. काखेतही बघा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याने कातडी अशी जाडावते. हे आईला जरूर सांगा. त्या पोरीची रोजची बोलणी तरी थांबतील.

बीपीवर मात्र इतक्यात विसंबू नका. कफ लहान पडला की आकडा खोटा वाढतो. दंडाचा घेर मोजा. कफमधल्या रबरी पिशवीने त्याचा निदान ८० टक्के भाग वेढला पाहिजे. घेर ३१ सेंमी असेल तर पिशवी साधारण २५ सेंमी लांब हवी, म्हणजे मोठ्यांचाच कफ. पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीला टेकलेले, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. तीन वेगवेगळ्या दिवशी १३०/८० किंवा जास्त आलं तरच उच्च रक्तदाब म्हणायचा. १४०/९० च्या वर गेलं तर मात्र वाट बघू नका.

कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे इथे ७६ सेंमीहून जास्त असेल तर जोखीम वाढते.

चिठ्ठीत हे आकडे लिहा. आईला गरोदरपणात साखर होती का, घरात कुणाला मधुमेह आहे का, पाळी नियमित येते का, झोपेत घोरते का, हेही लिहा. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि यकृताची एएलटी (यकृताला इजा आहे का हे सांगणारी रक्तचाचणी) तपासायला सुचवा. सोबत हिमोग्लोबिनही, कारण लोहाची कमतरता असली तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं. साखर नॉर्मल आली म्हणून सोडू नका. स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षं ती सांभाळून घेतं.

खूप तहान, रात्री वारंवार लघवी किंवा आपोआप घटलेलं वजन दिसलं तर त्याच दिवशी पाठवा. आणि वजनाचा आकडा वर्गासमोर मोठ्याने सांगू नका; पुढच्या तपासणीला ती मुलगी येणारच नाही.