'सेट' कुठे कुठे बसतो?

विचारणा अशी आहे: इंग्रजीतून भाषांतर करताना 'सेट' या क्रियापदाला दर वाक्यात नवा मराठी शब्द शोधावा लागतो. कुठे लावणे, कुठे ठरवणे, कुठे मावळणे. सगळीकडे चालेल असा एकच प्रतिशब्द नाही का?

नाही. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या वीस खंडी कोशात सर्वात लांब नोंद याच क्रियापदाची होती: ४३० अर्थ, सुमारे ६०,००० शब्द. पुढे सुधारणेच्या कामात 'रन'ने ६४५ अर्थ गोळा करून त्याला मागे टाकले, तो भाग वेगळा.

पसारा एवढा असला तरी त्याचे बूड एकच आहे. जुन्या इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे आणि 'सेत्तान' म्हणजे बसवणे. मूळ आणि प्रयोजक, आपल्या बसणे-बसवणेसारखीच जोडी. म्हणून अर्थ अडला की आधी 'बसवणे' घालून पाहावे, बरेचदा तिथेच काम होते. हिरा कोंदणात बसवतात, मोडलेले हाड बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च. क्रिकेटमधला 'सेट' झालेला फलंदाज तर सरळसरळ जम बसलेला फलंदाज.

तिथे भागले नाही तर 'लावणे' हाताशी आहेच: सापळा, गजर, आग, गाण्याची चाल. दह्याची गंमत अशी की ते आपण लावतो आणि रात्रभरात ते लागते. इंग्रजीत या लागण्यालाही 'सेट' होणेच म्हणतात. बाकी ठिकाणी मात्र कर्म बघूनच क्रियापद निवडावे लागते. प्रश्नपत्रिका काढतात, मर्यादा घालतात, पायंडा पाडतात, जेवणाची पाने मांडतात. इथे एकाच शब्दाचा हट्ट धरला की भाषांतराचा वास आलाच म्हणून समजा.

सूर्याचे काय? जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' असा शब्द होता, म्हणजे आसनाकडे जाणे. बसण्याची कल्पना तिथेही आहेच. आपला सूर्य मावळतो, बुडतो, अस्ताला जातो. 'सूर्य बसला' म्हणालात तर ऐकणाऱ्याला त्याचा धंदा बसला असे वाटेल!

नाम म्हणून येणारा 'सेट' मात्र दुसऱ्या घरचा. कपबश्यांचा सेट किंवा गणितातला संच या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांच्या पंथावरून आला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. उच्चार जुळल्यामुळे दोन्ही 'सेट' इंग्रजीत इतके मिसळले की आता फारसे कुणाला वेगळे काढावेसे वाटत नाही. नाटकाचा सेट पुन्हा क्रियापदाकडचा, कारण तो रंगमंचावर मांडलेला असतो.

आपण या शब्दाला जे करून ठेवले आहे ते निराळेच. 'पोरगा सेट झाला' म्हणजे नोकरीला लागला, निदान घरच्यांची काळजी मिटली. 'त्याची वर सेटिंग आहे' यातली सेटिंग तर अस्सल इथली. हे वाक्य इंग्रजीत न्यायची वेळ आली तर 'सेटिंग' तसेच ठेवू नका. लंडनच्या वाचकाला ते यंत्राचे बटण वाटेल. तिथे ओळख, वशिला किंवा साटेलोटे यांपैकी नेमके काय चालले आहे ते आधी ठरवा आणि त्याचा शब्द शोधा.