सूत्रकृमीला (धाग्यासारखा बारीक कृमी, इंग्रजीत नेमाटोड) पाय नाहीत, हाडं नाहीत. मग तो हलतो कसा? गांडुळासारखाच का?

गांडुळासारखा अजिबात नाही. हे आधी डोक्यातून काढा. गांडुळाला लांबीचे आणि अंगाभोवती गोल फिरणारे असे दोन्ही स्नायू असतात, म्हणून ते कधी बारीक-लांब तर कधी आखूड-जाड होत सरकतं. सूत्रकृमीला गोल स्नायू नाहीतच. लांबीचे चार पट्टे, दोन पाठीकडे, दोन पोटाकडे. संपलं.

मग आखडलेला पट्टा परत लांब कोण करतं? आतलं पाणी. अंगाची पोकळी द्रवानं गच्च भरलेली आणि वरून चिवट कातडी. मोटर चालू झाल्यावर ड्रिपची नळी ताठ होते, तसं. माणसाच्या पोटातल्या मोठ्या जंताच्या जातभाईत हा दाब सरासरी 70 मिलिमीटर पाऱ्याइतका मोजलेला आहे. पोटाकडचे पट्टे आखडले की कृमी पोटाकडे वाकतो, पाठीकडचे आखडले की पाठीकडे. तो वाक डोक्याकडून शेपटीकडे सरकत गेला की जनावर पुढे जातं. आणि तो कुशीवर पडून चालतो, म्हणजे आपल्याला डावं-उजवं दिसतं ते खरं तर पाठ-पोट असतं. (बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी इथंच आपटलो होतो.)

आता मज्जातंतूंचं. त्यासाठी आमच्या आण्णाची बाग सांगावी लागेल.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सांगोल्याकडं डाळिंब आहे. मी प्राणिशास्त्र शिकून सोलापुरात नोकरीला, त्यामुळं बागेत माझं मत म्हणजे पाहुण्याचं मत. 2019 च्या पावसाळ्यात काही झाडं पिवळी पडायला लागली. उकरून बघितलं तर पांढऱ्या मुळीवर सूत्रकृमीच्या गाठीच गाठी. आण्णानं दुकानदाराच्या सांगण्यावरून कार्बामेट गटातलं दाणेदार औषध टाकलं. दुकानदारानं म्हणे त्याला काचेच्या बाटलीत कृमी दाखवले होते, औषधाच्या पाण्यात गप्प पडलेले. “बघा, सगळे मेले.”

मी म्हटलं, हलत नाही म्हणजे मेला असं नसतं. आण्णा म्हणाला, “मग काय झोपलाय?”

तसंच काहीसं. कृमीच्या स्नायूला ‘आखड’ हा निरोप अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन देतं. पाठीकडच्या स्नायूला तो निरोप जातो, तेव्हाच एका दुसऱ्या तंतूमार्फत पोटाकडच्या स्नायूवर गाबा नावाचं दुसरं रसायन सोडलं जातं, म्हणजे ‘तू सैल पड’. एक ओढतो, दुसरा सोडतो. बैलजोडीसारखं दोघांनी एकदम ओढायचं नाही. ज्या कृमीत गाबा बनतच नाही, त्याला डोक्याला टोचलं तर तो मागं न सरकता नुसता आखूड होतो, कारण दोन्ही बाजू एकदम आखडतात. गंमत म्हणजे आपल्यात तंतू स्नायूपर्यंत जातो. इथं स्नायूच आपला हात लांबवून तंतूपाशी जातो. ज्या कृमीवर यातलं बरंच शोधलं, तो जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी निवडलेला, मिलिमीटरभर लांबीचा. त्याच्या 302 चेतापेशी आणि अंगाच्या 95 स्नायुपेशी एकेक करून मोजलेल्या आहेत; चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्ये छापला गेला.

कार्बामेट काय करतं? वापरलेलं अॅसिटिलकोलीन साफ करणारं विकर (एन्झाइम) अडवतं. निरोप साचत जातो आणि लाटेचा ताल बिघडून कृमी लुळा पडतो. मरतोच असं नाही.

आण्णाला तोंडी पटणार नव्हतं. मी वहिनींची चहाची गाळणी घेतली, त्यात टिश्यू पेपर घातला, वर गाठींची मुळं चिरून पसरली आणि खाली पाणी लागेल अशी रात्रभर वाटीवर ठेवली. जिवंत पिल्लं वळवळत कागदातून खाली येतात. सकाळी ओळखीतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला, तर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान धागे नागमोडी पळत होते. मग औषधाचं पाणी घातलं. संध्याकाळी सगळे सरळ, गप्प. आण्णा हसला. मी ते कृमी ड्रॉपरनं उचलून साध्या पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त परत वळवळत होते. आण्णानं बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि म्हणाला, “बशीतलं शेतात चालत नाही.”

अरे, पण बाटलीतलं चालतं?

शेळीला जंताचं लेव्हामिसोल देतो तेही मारत नाही. स्नायू आखडवून लुळं करतं आणि लेंडीबरोबर जंत बाहेर पडतो. आतड्यात लुळा करणं पुरतं, कारण मागून ढकलणारं कुणीतरी असतं. मातीत त्याला कोण ढकलून नेणार? औषध उतरलं की तो पुन्हा मुळीकडं निघतो. त्यात गाठीतली मादी मुळातच हलत नाही. आत शिरून खायला लागली की तिचे अंगाचे स्नायूच झडतात आणि ती फुगून नासपतीच्या आकाराची होऊन अंडी घालत बसते. नर मात्र पुन्हा धाग्यासारखा होऊन बाहेर पडतो.

हां, आण्णाच्या बाजूनंही सांगायला हवं. लुळा पडलेला कृमी तेवढे दिवस मूळ शोधत नाही, पिल्लाच्या अंगातली चरबीची शिदोरी संपत जाते, आणि मात्रा जास्त वेळ टिकली तर मरतातही. म्हणजे औषध अगदीच वाया नव्हतं. माझी बशी ही एकच बशी होती, हेही खरं. तुमच्या बागेत गाठी असतील तर माझं ऐकून काही टाकू नका. मुळं आणि माती घेऊन सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.

परीक्षेसाठी विचारलं असेल तर वरचे पहिले दोन परिच्छेद आणि गाबा एवढं लिहा. आकृतीत चार पट्टे काढा, आणि गोल स्नायू चुकूनही काढू नका.

ती गाळणी वहिनींनी परत चहाला घेतली नाही. अजून मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे.