साधनेला लागण्यापूर्वी स्वतःची श्रद्धा तपासा

जादूच्या साधनेत पहिला विधी कोणता करावा, असे तुम्ही विचारले आहे. पण त्याआधी आपला विश्वास नेमका कशावर आहे, हे एकदा कागदावर उतरवून पाहावे, असे मी सुचवीन. विधी तोच असला, तरी मेणबत्ती पेटवताना एक साधक देवतेला साद घालत असतो, तर दुसरा केवळ आपले मन एकाग्र करत असतो, आणि या फरकातूनच उच्चारायचे शब्द, इतकेच नव्हे तर फळाची अपेक्षाही बदलते. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या केऑस मॅजिक या जादूसाधनेच्या प्रवाहाने तर श्रद्धेलाच अवजार मानले: हवी तेव्हा धारण करावी, काम झाले की उतरवून ठेवावी. मला स्वतःला ते कधी साधले नाही.

कोणाचे अहित होत नसेल तर इच्छेप्रमाणे करावे, हा विक्का या जादूविधी मानणाऱ्या आधुनिक निसर्गपूजक धर्मपरंपरेतील दंडक सर्वपरिचित आहे, तथापि तो सर्वच परंपरांना लागू होत नाही. हैतीतील वोडू या धर्मात काही विधींचा अधिकार दीक्षेनेच मिळतो. म्हणून तेथील वेवे ही रेखाचिन्हे केवळ सुंदर दिसतात म्हणून उचलून आपल्या वेदीवर मांडणे मला अनुचित वाटते.

आरंभीच्या काळात एका परिचिताचे मन वळवण्यासाठी मी विधी मांडला होता. त्याचे नाव कागदावर लिहून झाले, दोरा गुंडाळायला घेतला, आणि हे त्याला कळले तर चालेल का, या प्रश्नापाशी हात थांबला. तेव्हापासून संमतीवाचून मी कोणासाठीही विधी करत नाही, अगदी त्याच्या आरोग्यासाठीसुद्धा.