आपला संगणक, आपले प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवावे का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून इंदूरला राजेंद्रनगरात राहते. २०१८ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपमध्ये आय५-७२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ घ्यायला गेले, तर हा संगणक पात्र नाही, असे दिसते. आरएनटी मार्गावरील एका दुकानदाराचे म्हणणे असे, की यात टीपीएम (सुरक्षेसाठीची एक सोय) आहे, त्यामुळे तो विंडोज ११ बसवून देईल. लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे लागतात. नवे विंडोज बसवून घ्यावे, की नवा लॅपटॉपच घ्यावा?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. लॅपटॉप पात्र का नाही, हा एक. आणि तो इतका संथ का आहे, हा दुसरा. पहिल्याचे कारण प्रोसेसरमध्ये आहे, दुसऱ्याचे मुख्यतः हार्ड डिस्कमध्ये.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी) सोय आणि टीपीएम २.० लागते, आणि यातले बरेचसे आपल्या लॅपटॉपमध्ये असूही शकेल. परंतु यांखेरीज मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची एक यादी ठरवलेली आहे, आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर तिच्यात आहेत. ७२००यू मधला पहिला ७ हा आकडा सातवी पिढी दाखवतो. आठवी पिढी २०१७ मध्येच बाजारात आली होती, तरी दुकानांत सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यानंतरही विकले जात होते. म्हणून खरेदीच्या वर्षावरून अंदाज न बांधता हा आकडाच पाहावा. टीपीएमबद्दल दुकानदार खरे सांगत असेल, पण तेवढ्याने पात्रता येत नाही.

तपासणीला बगल देऊन विंडोज ११ बसवता येते आणि आपल्या प्रोसेसरवर ते चालेलही. मात्र अशा संगणकांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती प्रत्येक वेळी पुन्हा हाताने बसवावी लागण्याची शक्यता असते. ज्यांना हे स्वतः निस्तरता येते त्यांनी खुशाल करावे. आपण दरवेळी दुकानावर अवलंबून राहाल, म्हणून मी आपल्याला हा मार्ग सुचवणार नाही.

त्यापेक्षा तूर्त विंडोज १० वरच राहावे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडल्यास पैसे न देताही नोंदणी होते.

आता संथपणाकडे वळू. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर मागेपुढे सरकणारी सुई माहिती शोधते आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने हाच वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. २.५ इंची, साटा प्रकारच्या जोडणीची एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. रॅम ८ जीबी करावी, पण दुसरा स्लॉट मोकळा आहे का आणि रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, हे लॅपटॉप उघडून पाहिल्यावरच विकत घ्यावी, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. त्याआधी बॅटरी फुगलेली नाही ना, हेही पाहावे. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तर वापर थांबवून आधी बॅटरी बदलावी. बिजागरी आणि कळफलकही मोडकळीला आले असतील, तर मात्र या लॅपटॉपवर खर्च न करता नवा घेणेच योग्य.

सुधारलेल्या लॅपटॉपला वाढीव मुदतीनंतर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली) चांगले पेलते. ते पेन ड्राइव्हवरून काही न पुसता चालवून पाहता येते आणि त्यात युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेने टंकता येते. आपले जुने लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर ते विंडोज आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्यावे, कारण त्या काळची बहुतेक टंकन-सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठीच होती.

दुकानात देण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क दुकानात न ठेवता आठवणीने घरी आणावी. आपली सारी कागदपत्रे आणि छायाचित्रे तिच्यावर तशीच असतात.