सुपरचार्जरवाल्या कूपर एसचा सायलेन्सर बदलताय? काढलेला भाग आधी घरी आणा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००५ ची मिनी कूपर एस, ९१ हजार मैल झालेली, नुकतीच घेतलीत, राहता कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. मनात आहे हेडर (इंजिनाचा धूर गोळा करणारे मोकळे पाइप), हाय-फ्लो कॅट (धूर स्वच्छ करणारा, कमी अडथळ्याचा डबा), मागचा पूर्ण सायलेन्सर, १७ टक्के लहान पुली (इंजिनात हवा ढकलणाऱ्या सुपरचार्जरला फिरवणारं चाक) आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम), तेही सगळं एकाच शनिवारी. आणि शेवटी लिहिलंय, 'दुकानवाला म्हणतो स्मॉगचं टेन्शन घेऊ नका.' (स्मॉग म्हणजे इथली सक्तीची प्रदूषण तपासणी.) बाकीचं वाचून मी पुढे गेले असते. पण हे शेवटचं वाक्य २०१९ मध्ये अगदी याच शब्दांत मला ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण ॲडव्हान्स देण्याआधी वाचा.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही आणि वकीलही नाही. याच पिढीची गाडी २०१७ पासून माझ्याकडे आहे, बरीचशी कामं घरच्या गराजमध्ये स्वतः केली आहेत, जे लिहिते ते त्यातून. कॅलिफोर्नियाचे नियम बदलत राहतात, तेव्हा ऑर्डर देण्याच्या दिवशी एकदा स्वतः पाहून घ्या. 

हेडर घेतला ही माझी चूक नव्हती. तो बसवताना गाडीतून निघालेला मूळ भाग मी घरी आणला नाही, ही चूक होती, आणि गेल्या आठ वर्षांत तिच्याइतकी महाग दुसरी पडली नाही.

आपल्या गाडीत मॅनिफोल्ड आणि कॅट एकाच तुकड्यात येतात, इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला. मी गाडी घ्यायला गेले तेव्हा तो तुकडा टायरच्या रॅकशेजारी फरशीवर पडला होता. तांबूस गंजलेला, उष्णतेचा पत्रा एका बाजूने सुटलेला, एका पाइपाला कोणीतरी पिवळ्या खडूने खूण केलेली. मागच्या सीटवर मुलाची खुर्ची होती, म्हणून म्हटलं, शनिवारी येऊन नेते. शनिवारी गेले तर जागा रिकामी. भंगारवाला घेऊन गेला म्हणे. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारात त्याला भाव येतो, हे दुकानाला माहीत होतं आणि मला नव्हतं. बिलावर नुसतं 'एक्झॉस्टचं काम' असं लिहिलेलं.

त्या दिवशी मला वाईटही वाटलं नाही. गाडी छान वाजत होती.

२०२१ च्या वसंतात स्मॉगची नोटीस आली. गंमत म्हणजे, पायपातून काय निघतं ते मोजतील आणि नवीन कॅट चांगलाच असल्याने गाडी पास होईल, असं मी गृहीत धरलं होतं. पण २००० किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांचा धूर इथे मोजतच नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडतात आणि भाग डोळ्यांनी तपासतात. त्या माणसाने बॉनेट उघडलं, आतला स्टिकर वाचला, मग टॉर्च आणि आरसा घेऊन कॅटच्या अंगावरचा क्रमांक शोधला. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने, म्हणजे कार्बने, मंजूर केलेल्या कॅटवर मंजुरीचा क्रमांक कोरलेला असतो. माझ्या कॅटवर फक्त बनवणाऱ्याचा लोगो होता. दोन मिनिटांत नापास. वर कॅटची स्वतःची तपासणीसुद्धा कॉम्प्युटरमध्ये 'अपूर्ण' दिसत होती, कारण ट्यून करणाऱ्याने इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं लक्षच बंद करून ठेवलं होतं. दिवा लागत नव्हता तो याचसाठी. इतक्या नव्या गाड्यांमध्ये फक्त पेट्रोलच्या वाफेची तपासणी अपूर्ण चालते, बाकी सगळ्या पूर्ण लागतात.

मूळ तुकडा घरी असता तर दोन दिवसांत बसवून मोकळी झाले असते. नव्हता. भंगारातून दुसरा आणावा म्हटलं, तर वापरलेला कॅट विकायला किंवा विकत घेऊन बसवायला या राज्यात बंदी आहे. ऑनलाइन शंभर ठिकाणी स्वस्त नवीन कॅट मिळतात, पण बहुतेकांच्या खाली बारीक अक्षरात असतं की कॅलिफोर्निया सोडून इतर राज्यांसाठी. मंजुरीचा क्रमांकही नुसता असून भागत नाही, तो तुमच्या वर्षाला, तुमच्या मॉडेलला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या टेस्ट ग्रुपला, म्हणजे गाडीच्या प्रदूषण-मंजुरीच्या गटाला, लागू असावा लागतो. हे कोणीतरी नीट समजावून सांगेल म्हणून मी एका कार्यालयाला फोन करत राहिले. तिथून दुसरा नंबर मिळायचा, तिथून परत पहिला. तिसऱ्या आठवड्यात एका बाईंनी सांगितलं की हे तुमच्या दुकानाने बघायला हवं होतं. दुकानाने फोन उचलणं आधीच बंद केलं होतं. रजिस्ट्रेशन अडकलं, मी तात्पुरत्या परवान्यावर गाडी चालवत होते. शेवटी नवीन मंजूर भाग, मजुरी आणि कॉम्प्युटरवर मूळ प्रोग्रॅम परत चढवणं, मिळून २,३०० डॉलर गेले. काढून टाकलेल्या हेडरचे १,४०० वेगळे. ते आठवलं की अजून राग येतो, कारण त्या दुकानाला प्रत्येक गोष्ट आधीपासून माहीत होती.

म्हणून एक काम आजच करा. कामाच्या कागदावर सही करतानाच 'काढलेले सगळे भाग परत हवेत' असं लिहून घ्या. इथल्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने ऑर्डर देताना मागितलं तर दुकानाला जुने भाग परत द्यावे लागतात. नंतर मागून उपयोग नसतो. मी नंतरच मागितले होते.

आता तुमच्या यादीकडे.

टर्बोवाल्या मित्रांचा सल्ला आपल्या गाडीला तसाच लावू नका. टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो, तिथे पाइप मोकळा केला की तो लवकर जागा होतो आणि फरक पाठीला जाणवतो. आपला सुपरचार्जर, ईटन एम४५, बेल्टवर फिरतो. इंजिनाच्या फेऱ्या आणि पुलीचा आकार, एवढ्यावरच तो किती हवा ढकलेल ते ठरतं. मागचा डबा कितीही भारी घातलात तरी तो जास्त हवा ढकलणार नाही. उलट हेडर बसवल्यावर माझ्या मीटरवर बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, १२ पीएसआयवरून ११ वर आला. कुठेतरी हवा गळते आहे या समजुतीने मी आठवडाभर साबणाचं पाणी मारत प्रत्येक रबर तपासलं. गळत काहीच नव्हतं. बूस्टचा आकडा म्हणजे हवेला वाटेत होणाऱ्या अडथळ्याचं माप. पुढची वाट मोकळी झाली की तीच हवा कमी दाबाने आत जाते. आकडा घसरला म्हणून घाबरून लगेच आणखी लहान पुली घालू नका, बरेच जण नेमकं तेच करतात.

माझ्या मते, आणि हे फक्त माझं मत आहे, ९१ हजार मैलांच्या गाडीवर पहिला डॉलर सुपरचार्जरच्या तेलावर खर्च व्हायला हवा. त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी तेलं असतात, दोन्ही मिळून कपभरही नसतील. मेन्टेनन्सच्या वेळापत्रकात त्यांचा उल्लेख नाही. मागच्या टोकाच्या गिअरवर गाडीचा वॉटर पंप फिरतो. ते टोक कोरडं पडलं की दात झिजतात, पंप थांबतो आणि इंजिन तापतं. माझं तेल काढलं तेव्हा पुढच्या टोकातून काळपट, जळक्या वासाचं का होईना, काहीतरी निघालं. तो वास गराजमध्ये दोन दिवस होता. मागच्या टोकातून जेमतेम चमचाभर चिकट गाळ आला, बोटावर घासला तर धातूची बारीक चमक दिसत होती. त्या अवस्थेत मी १७ टक्क्यांची पुली लावली असती तर गाडी त्या उन्हाळ्यात संपली असती. या कामासाठी गाडीचं पुढचं तोंड सोडवून पुढे ओढावं लागतं, मजुरी होते, पण तेव्हाच बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकची पुली बघून घ्या. क्रँकच्या पुलीतलं रबर जुन्या गाड्यांमध्ये सुटतं आणि बाहेरचं कडं डगमगायला लागतं. इंजिन चालू ठेवून बाजूने बघितलं तरी समजतं.

दुसरा खर्च उष्णतेवर. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर हवा दाबताना तापवतो, आणि ती हवा थंड करणारा आपला इंटरकूलर बसलाय नेमका इंजिनाच्या डोक्यावर. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं तरी तो भाजतो. त्याच्या दोन्ही बाजूंची रबरं चिरलेली नाहीत ना, बॉनेटच्या खिडकीतून आलेली हवा बाजूने निसटून जात नाही ना, हे बघा. मी ही रबरं आणि कडेचं फोम बदललं, शंभर डॉलरच्या आत, आणि ऑगस्टमध्ये सुनोलच्या चढावर गाडी जी ढेपाळायची ती थांबली. त्या एका दुरुस्तीने दिलेला फरक मला हेडरने दिला नव्हता.

पुलीबद्दल. '१७ टक्के लहान' म्हणजे सुपरचार्जर जवळजवळ २० टक्के जास्त फिरणार. १५ टक्क्यांची पुली लावली तर साडेसतरा टक्के. आकडे जवळचे वाटतात, पण उष्णता आणि बेल्टचं घसरणं वरच्या टोकाला झपाट्याने वाढतं, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला १५ च्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं. सोबत आखूड बेल्ट आणि एक पायरी थंड प्लग लागतातच. पेट्रोल फवारणारे मूळ इंजेक्टर वरच्या फेऱ्यांना अपुरे पडायला लागतात, म्हणून लोक मिनीच्याच जॉन कूपर वर्क्स मॉडेलचे ३८० सीसीचे घालतात. पुली काढायला खास पुलर मिळतो, तो भाड्याने आणा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, शाफ्टच्या सीलची वाट लागते. आणि हो, कार्बची मंजुरी पुलीलाही लागते. पार्ट नंबर घेऊन त्यांच्या यादीत शोधा, सापडला नाही तर रस्त्यावर नको. मी १५ ची दोन वर्षं वापरली आणि त्याच २०२१ मध्ये काढली. आज माझ्या गाडीवर मूळ पुली आहे.

तुम्ही युरोपातले व्हिडिओ बघून पेट्रोलचं गणित मांडलंय, तिथे एक गडबड आहे. ते पेट्रोलचा ऑक्टेन ९८ म्हणतात तो रॉन नावाच्या मापाने. आपल्या पंपावर लिहिलेलं ९१ हे रॉन आणि मॉन या दोन ऑक्टेन-मापांची सरासरी असते, म्हणजे त्यांच्या भाषेत साधारण ९५-९६. कॅलिफोर्नियात बहुतेक पंपांवर त्याच्या वर काही मिळत नाही. ९८ वर बनवलेला मॅप, म्हणजे ट्यूनचा प्रोग्रॅम, इथल्या उन्हात, इथल्या पेट्रोलवर चालवला तर इंजिनात नॉकिंग होणार, म्हणजे पेट्रोल चुकीच्या वेळी पेटून ठोके बसणार. शिवाय १९ जुलै २०२१ पासून स्मॉगच्या वेळी सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं तरी गाडी नापास होते. ट्यून करणारा 'टेस्टच्या आधी मूळ प्रोग्रॅम चढवून देतो' म्हणेल. मग कॉम्प्युटरच्या सगळ्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला कित्येक दिवस ठरावीक पद्धतीने गाडी चालवावी लागते. मी ते केलंय. पहाटे साडेपाचला ६८० हायवेवर एकाच वेगाने जा-ये.

राहिला सायलेन्सर, ज्यासाठी तुम्ही खरं तर विचारलंत. कॅटच्या मागचा भाग बदलायला कार्बची मंजुरी लागत नाही, त्यामुळे हौस तिथेच करा. मर्यादा आवाजाची, ९५ डेसिबल, आणि २०१९ पासून त्याचा थेट दंड होतो, दुरुस्त करून दाखवतो म्हणून सुटका व्हायची हमी नाही. ताकद म्हणाल तर नावापुरती वाढेल. पण फायरिंग सुंदर मिळतं, आणि त्याला सुपरचार्जरची ती वरची शीळ जोडली गेली की ऐकत राहावंसं वाटतं, त्यात मी तुमच्याच बाजूची आहे. मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा डबा) मात्र ठेवा. मी आधी तो काढला होता. ३,००० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे नेमकं हायवेच्या वेगाला, आत असा घुमणारा सूर यायचा की मिलपिटसला गणपतीला पोचेपर्यंत आईचं डोकं दुखायला लागलं. नंतर रेझोनेटर परत घातला, मागच्या दोन डब्यांपैकी एक हलका केला, आणि तेवढंच ठेवलं आहे. काही जण मागचा एक डबा नुसता कापून सरळ पाइप जोडतात. स्वस्त पडतं, पण थंड गाडी सुरू करताना गल्ली जागी होते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर विचार करा.

इन्शुरन्सला बदल कळवा, फोनवर नाही, ईमेलवर.

शनिवारची वेळ ठरली असेल तर रद्द करू नका, फक्त काम बदला: तेल, बेल्ट, रबरं, आणि कॅटच्या मागचा सायलेन्सर. हेडर आणि कॅट तूर्त जिथे आहेत तिथे राहू देत. बॉनेटच्या आतल्या स्टिकरचा फोटो इथे टाका, टेस्ट ग्रुपची ओळ स्पष्ट दिसेल असा. आणि दुकानवाला जो कॅट देणार आहे त्याचा पार्ट नंबरही विचारून घ्या. दोन्ही समोर असले की त्याची मंजुरी तुमच्या गाडीला लागू आहे की नाही, ते आपण मिळून यादीत बघू.