ऑफिसचा मेल बॉस वाचू शकतो का?

तुम्ही विचारलंय, ‘कंपनीच्या मेलवरून घरचे, बँकेचे मेल करतो आणि लगेच डिलीट करतो. तरी बॉसला ते दिसतात का?’

भावा, दिसू शकतात. पण बॉसला तेवढा वेळ असतो का? कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी आयटी सांभाळायचो. आयटी म्हणजे मेल, टॅली, बायोमेट्रिक आणि अख्ख्या ऑफिसचे प्रिंटर. तिथं ‘आयटीवाला सगळ्यांचे मेल वाचतो’ असा शिक्का माझ्यावर बसला, म्हणून एवढं लिहितोय.

२०२२ ची इन्क्रिमेंटं नुकतीच झाली होती. एचआरच्या साहेबांनी सगळ्या सुपरवायझरांना शिफ्टची यादी एक्सेलमध्ये पाठवली. त्याच शीटमध्ये पगाराचे कॉलम होते. ते साहेबांनी हाइड केले आणि दिली फाइल सोडून. फेटलिंग खात्याच्या सुपरवायझरला दिसलं की सी नंतर एकदम जी आलाय. दोन्ही कॉलम सिलेक्ट, राइट क्लिक, अनहाइड. जुना पगार, नवा पगार, शेरा, सगळं समोर. मेल्टिंगच्या एका जुन्या माणसापुढं शेरा होता, ‘एवढ्यात भागेल, कुठं जात नाही.’

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी आउटलुकमध्ये रिकॉल मारला, म्हणजे पाठवलेला मेल परत ओढायचं बटण दाबलं. मग काय, ज्यांनी मेल मोबाइलवर घेतला होता त्यांना दुसरा मेल गेला की साहेबांना पहिला मेल परत हवाय. ज्यांनी फाइल उघडलीही नव्हती त्यांनी ती तेव्हा उघडली. मला फोन आला, ‘सर्व्हरवरनं उडवा.’ उडवला. तोवर फाइल व्हॉट्सॲपवरनं पार कोअर शॉप खात्यापर्यंत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढं साहेब म्हणाले, ‘पासवर्ड आयटीकडं असतात, फोडलं त्यांनीच.’ मी म्हटलं, आपला मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, त्यात ॲडमिननं दुसऱ्याचा मेलबॉक्स उघडायची परवानगी स्वतःला दिली तर ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केलं त्या वहीत, नोंद पडते, काढू या लॉग. साहेब म्हणाले, ‘राहू दे, आता कशाला वाढवायचं.’ लॉग काही कुणी काढला नाही, शिक्का मात्र राहिला.

तर तुमचं डिलीट. डिलीटेड आयटम्समधनं काढलेला मेलसुद्धा ३६५ मध्ये साधारण १४ दिवस मागं पडून असतो. कंपनीनं रिटेन्शन, म्हणजे मेल जपून ठेवायची सेटिंग, लावलं असेल तर वर्षानुवर्षं. गूगलचा मेल वापरणाऱ्या कंपन्यांसाठी व्हॉल्ट नावाची तशीच सोय आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला हे खरं, पण त्याच्या जोरावर कंपनीच्या मेलबॉक्सला कुलूप लागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. तुमचा खाजगी जीमेल वेगळा. तुमचा पासवर्ड लबाडीनं कुणी वापरला तर आयटी कायद्याचं कलम ६६-सी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मी वकील नाही, नोकरीवर बेतलं असेल तर वकिलाला विचारा.

बँकेचं काम आपल्या मोबाइलवर आपल्या मेलवरनं करा, विषय संपला. तुमची गुपितं बॉस फोडत नाही, रिप्लाय ऑल फोडतो, नाहीतर हाइड केलेला कॉलम. तीच यादी पीडीएफ करून पाठवली असती तर ते कॉलम त्यात गेलेच नसते. हे मी साहेबांना आधीही सांगितलेलं. तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘तुम्ही प्रिंटरचं बघा.’

आणि हो, रिकॉल आता बराच सुधारलाय. ३६५ मध्ये वाचलेला मेलही परत ओढता येतो, पण आपल्याच कंपनीतला. गिऱ्हाइकाला चुकीचं कोटेशन गेलं असेल तर रिकॉल दाबत बसू नका, सरळ फोन लावा.