गिरमिटियाचं गिरमिट आणि सुताराचं गिरमिट

प्रश्न असा आला आहे: ‘गिरमिटिया’ म्हणजे इंग्रजी अमलात करारावर परदेशच्या मळ्यांत राबायला गेलेला हिंदुस्थानी मजूर; त्या शब्दातलं गिरमिट आणि लाकडाला भोक पाडायचं सुताराचं गिरमिट एकच का? आणि मराठीत गिरमिटियाऐवजी सरळ ‘वेठबिगार’ लिहिलं तर चालेल का? विचारणाऱ्यांना कुणीतरी असंही सांगितलंय, की मळेवाले मजुरांना गिरमिटासारखे पिळायचे, म्हणून हे नाव पडलं.

ही पिळण्याची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. दोन्ही गिरमिटं इंग्रजीतून आली, फक्त वेगवेगळ्या दारांनी. सुताराचं आलं ‘गिमलेट’वरून, ‘ल’चा ‘र’ झाला आणि तो टुणकन ‘म’च्या आधी जाऊन बसला. मजुराचं आलं ‘ॲग्रीमेंट’वरून. सुरुवातीचा बिनजोराचा ‘ॲ’ गळला, ‘ग्री’ हे जोडाक्षर फुटून ‘गिर’ झालं (ग्लासचा गिलास झाला तसंच), आणि ‘मेंट’चं ‘मिट’. शेवटची पायरी पटत नसेल तर सिमेंटला ‘शिमिट’ म्हणणारा गवंडी आठवा.

आता हा करार कसला? ब्रिटिश वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने बंद झाली. साखरेची मागणी मात्र वाढतच होती आणि उसाच्या मळ्यांना राबणारे हात हवे होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. मग १८३८ला ब्रिटिश गयाना, १८४५ला त्रिनिदाद, १८६०ला दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, १८७३ला डचांचं सुरिनाम, १८७९ला फिजी. पुढच्या आठ दशकांत तेरा लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून अशी गेली. बरीचशी आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून जहाजात चढलेली. तमिळ आणि तेलुगू मजूर मद्रासहून. सुरुवातीला मुंबईहूनही मॉरिशसला जहाजं गेली, तिथला मराठी समाज त्यांचाच.

प्रत्येकाच्या नावाचा एक परवाना असे. त्यावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण. फिजीच्या करारात पाच वर्षं काम, आठवड्याचे पाच दिवस नऊ-नऊ तास, शनिवारी पाच तास. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. आणि परतीचं फुकट तिकीट दहा वर्षांनी! अंगठा उठवणाऱ्यापर्यंत यातलं किती पोचलं असेल, कल्पनाच केलेली बरी. पण ‘ॲग्रीमेंट’ हा शब्द कानावर पडत राहिला आणि तोच तोंडी बसला.

इथून पुढे शब्दाचा अर्थ सरकतो, आणि मला सगळ्यात रस यातच वाटतो. गिरमिट म्हणजे नुसता कागद उरला नाही; ती पाच वर्षंच ‘गिरमिट’ झाली. फिजीत लोक गिरमिट ‘काटत’. आपल्याकडे शिक्षा भोगतात किंवा दिवस काढतात, त्याच चालीचा हा प्रयोग. करार कुणी काटत नाही. बोलणाऱ्यांनी क्रियापद बदलून त्या कागदाची लायकी सांगून टाकली.

म्हणूनच ‘वेठबिगार’ मला पटत नाही. वेठ म्हणजे सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. पाटलाने किंवा अंमलदाराने धरून नेलं, ओझं वाहिलं, घरी परत. इथे मजुरी होती, निदान कागदावर. ‘करारबद्ध मजूर’ हा शब्द बिनचूक आहे, पण फार सोज्वळ. तो वाचून डोळ्यांसमोर आजचा कंत्राटी कामगार येतो, आणि करार मोडल्यावर त्याची फार तर नोकरी जाते. गिरमिटियाने करार मोडला तर तो फौजदारी गुन्हा होता; कामावर गेला नाही तर दंड किंवा तुरुंग. मॉरिशसला तर एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापत. ही पद्धत बंद करावी म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ठराव मांडला, तो सरकारी बहुमताने पाडला गेला. मजूरभरती १९१७ला थांबली, आणि फिजीतली उरलेली गिरमिटं रद्द व्हायला १ जानेवारी १९२० उजाडला. तेव्हा ‘करारबद्ध मजूर’ लिहायचंच असेल तर एकदा तरी शेजारी गिरमिट ठेवा.

रूपाबद्दल थोडं. शेवटचा ‘-इया’ पूर्वेकडच्या हिंदी बोलींतला, पुरबिया-कलकतियामधला. मराठीकरणाच्या हौसेने ‘गिरमिट्या’ करू नये. आपला ‘-या’ लगेच शेंबड्या, रडक्याच्या पंगतीला जाऊन बसतो. एकवचनी ‘गिरमिटिया’, अनेकवचनी ‘गिरमिटिये’, सामान्यरूप ‘गिरमिटियां-’, एवढं पुरे.

आणि हा शब्द सगळीकडे सरसकट लावू नका. सिलोन-मलायाच्या मळ्यांत ‘कंगाणी’ म्हणजे मुकादम गावाकडून माणसं आणायचा, ती भरती वेगळी. सुरिनामला गेलेली माणसं गिरमिटियांसारख्याच करारावर गेली, पण तिथे मालक डच. तिथल्या हिंदुस्थानींच्या बोलीत अशा मजुराला ‘कंत्राकी’ म्हणतात. आपलं कंत्राट ज्या कुळातलं, त्याच कुळातला हाही शब्द.